पतासीबाईंची न कापलेली तोडी

ईरा, अर्जुन,

मागच्या रविवारी फोनवर ईरा म्हणाली, "आजी, तुझी सगळ्यात आवडती पाच रेकॉर्डिंग्ज सांग ना. लिस्ट पाठव. मी जिममध्ये ऐकेन." मी हो म्हटलं. फोन ठेवला, वही काढली, पट्टीने रेघा मारून रकाने पाडले. राग, गळा किंवा वाद्य, किती मिनिटं, कुणाकडून मिळालं. तुमची आई हसेल, पण माझ्याकडे किराण्याची यादीसुद्धा अशीच होते.

पहिल्या ओळीत तोडी लिहिली. कुणाकडून? पतासीबाई. दुसरी ओळ, सारंगीवरचा मारवा. पतासीबाई. तिसरी, एका म्हाताऱ्या बीनकाराचा, म्हणजे रुद्रवीणा वाजवणाऱ्याचा, दरबारी, ज्यात तो मधेच खोकतो. पतासीबाई. पाचव्या ओळीपर्यंत तेच. नुसती यादी पाठवली असती तर तुम्हाला पाच राग मिळाले असते आणि ज्या बाईने ते माझ्या कानात बसवले ती राहून गेली असती. म्हणून वही मिटली आणि हे लिहायला बसले. लांब आहे. एका बैठकीत वाचा. का ते पुढे कळेल.

पतासीबाईंचं मंचरच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. त्यांच्या सासरचे लोक तीन पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेले, जैन. घरात मारवाडी बोलायचे आणि दुकानात आपल्यासारखं मराठी. नवरा, कुंदनमलशेठ, गल्ल्यावर बसायचा आणि पतासीबाई गादीवर उभ्या राहून कापड मोजायच्या. बुटक्या, अंगाने भरलेल्या, डोक्यावर पदर, चष्मा दोरीने गळ्यात. हातात कापड मोजायचा लोखंडी गज. तो गज त्यांच्या हातात इतका असायचा की त्याशिवाय त्या मला अर्ध्या वाटायच्या.

गिऱ्हाइकाला त्या खरं सांगायच्या. एखादीने भडक फुलांचं कापड उचललं की म्हणायच्या, "ते ठेवा. एका धुण्यात रडेल." कुंदनमलशेठ गल्ल्यावरून कपाळाला हात लावायचे.

मी तेव्हा अवसरी बुद्रुकच्या हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवत होते. नवीन घराच्या पडद्यांना कापड घ्यायला गेले, तर गादीखालून कुठून तरी गाणं येत होतं. एक बाई गात होती. मला वाटलं, या बाजारात आपल्यालाच काय ते कळतं. म्हटलं, "भैरवी छान लावलीये."

पतासीबाईंचा गज थांबला नाही. "तोडी आहे," त्या म्हणाल्या. "पडदा किती मीटर?"

कापड कापून, घडी घालून माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "तुम्ही शाळेत शिकवता ना, बाई? पोराने चुकीचं वाचलं तर काय करता?"

"पुन्हा वाचायला लावते."

"मग गुरुवारी या. पुन्हा ऐका."

गुरुवारी त्यांच्या दुकानाला सुट्टी असायची. जेवणं झाली की आतून शटर खाली ओढायचं, दिवा बंद करायचा आणि गादीवर बसून ऐकायचं. आम्ही चार-पाच जण असायचो. सूर्य मावळायच्या आत त्यांचं रात्रीचं जेवण व्हायचं, मग त्यांचं धर्माचं वाचन. त्यामुळे जे काही ऐकायचं ते दुपारीच.

नियम तीन होते. लावलेलं मधे थांबवायचं नाही. ऐकताना बोलायचं नाही. आणि तिसरा नियम मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही. गाणाऱ्याचं नाव त्या आधी सांगायच्या नाहीत. "नाव कळलं की कान पाया पडायला जातात," म्हणायच्या. "ऐकायचं राहतं." त्यामुळे तुमच्या यादीत मी नावं लिहिलेली नाहीत. शोधायची असतील तर ऐकून झाल्यावर शोधा.

संपल्यावर त्या एकेकाला विचारायच्या, "कुठे निसटलात?" म्हणजे लक्ष कुठे गेलं. मी पहिल्या गुरुवारी म्हणाले, "कुठेच नाही. सगळंच सुंदर होतं." त्या म्हणाल्या, "मग तुम्ही झोपला होता." झोपले नव्हते, पण पडद्यांचा विचार करत होते. पुढच्या वेळी खरं सांगितलं, तेव्हा त्यांनी मला पहिली कॅसेट घरी नेऊ दिली. कॅसेट मिळवायची ती एकच किंमत होती.

मी त्यांच्या सगळ्या कॅसेटची नीट सूची करून दिली होती, रागांच्या वर्णानुक्रमाने. त्यांनी ती चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, "हे रेशनकार्ड कशाला, बाई?" पण कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. शेवटपर्यंत तिथेच होती.

एकदा मी एक चूक केली. आमच्या नात्यातले पुण्याचे एक गृहस्थ, गाण्यातले जाणकार, पाहुणे म्हणून आले होते. त्यांना गुरुवारी घेऊन गेले. पतासीबाईंनी तो बीनेचा दरबारी लावला. दोन मिनिटं झाली नसतील, अंधारातून गृहस्थांचा आवाज आला, "अहो, दरबारी? भर दुपारी? हा मध्यरात्रीचा राग आहे!"

पतासीबाई म्हणाल्या, "राग रात्रीचा असेल. सुट्टी माझी दुपारची आहे."

"पण शास्त्र..."

"शटर खाली आहे. तुम्हाला तुमचा हात दिसतोय का?"

"नाही."

"मग रात्रच आहे. ऐका."

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. अर्ध्या तासाने गृहस्थांची पुन्हा चुळबुळ. म्हणाले, "आलापी फार लांबलीये. थोडं पुढे घ्या ना." आता मात्र पतासीबाई उठल्या. मला वाटलं, थांबवतायत. त्यांनी मागचा बारीक दिवा लावला, फळीवरून शर्टाच्या कापडाचा तागा काढला, गृहस्थांच्या मांडीवर ठेवला आणि गज हातात घेतला.

"सांगा, किती मीटर कापू? दोन? अडीच?"

"मला शर्ट नकोय."

"कापायची हौस आहे ना तुम्हाला? कापड म्हणाल तेवढं कापून देते. हे कापत नाही."

आणि दिवा बंद करून बसल्या. बीन चालूच होती. परत येताना गृहस्थ माझ्याशी मंचरपासून अवसरीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पण पुढल्या महिन्यात आले, न बोलावता, आणि दाराशी बसून शेवटपर्यंत ऐकलं. "कुठे निसटलात?" विचारल्यावर म्हणाले, "दोनदा." त्यांना कॅसेट मिळाली.

आता तोडी. यादीतली पहिली, आणि हे सगळं लिहिण्याचं कारण.

ती तोडी पतासीबाईंनी रेडिओवरून घेतली होती. एका सकाळी दुकान उघडायच्या आधी रेडिओ लावला, तर तोडी चालू. कोण गातंय ते सांगून झालेलं होतं. कुंदनमलशेठनी हौसेने आणलेला टेपरेकॉर्डर त्यांनी रेडिओसमोर ठेवला आणि बटण दाबलं. गाणाऱ्या बाईचं नाव त्यांना कधीच कळलं नाही. आम्ही तिला तोडीवाली म्हणायचो.

त्या टेपमध्ये आणखी एक बाई आहे. आलाप संपून ठेका सुरू होतो, तोडीवाली पहिल्यांदा समेवर यायला निघते, आणि नेमक्या त्या क्षणी जिन्यावरून पतासीबाईंच्या सासूबाई ओरडतात, "बंद कर ओ रोवणो, बीनणी!" बीनणी म्हणजे सून. हे रडगाणं बंद कर, सूनबाई. पतासीबाईंनी बंद केलं नाही. म्हणून समही टेपमध्ये आहे आणि सासूबाईही.

त्यात आणखी एक गंमत झाली. तेव्हा आमच्याकडे गावातले दिवे आणि शेतावरचे पंप एकाच लाइनवर होते. सकाळी पंप सुरू झाले की बल्ब पिवळे पडायचे, पंखे रेंगाळायचे. त्या सकाळी टेपही रेंगाळत फिरली. रेंगाळत भरलेली टेप चांगल्या विजेवर लावली की पळते. आवाज चढतो, बारीक होतो. तोडीवाली घाईत असल्यासारखी गायची आणि सासूबाई चिमणीसारख्या किरकिरायच्या. पण पंप चालू असताना लावली की दोघी आपापल्या जागी यायच्या. म्हणून ती टेप ऐकायची तर बल्ब पिवळा व्हायची वाट बघायची, असा तिथला रिवाज होता.

पुढे कुंदनमलशेठ आजारी पडले. यकृताचं काहीतरी. ते पावसाळ्याचे दिवस होते. चातुर्मासासाठी जैन स्थानकात साध्वीजी येऊन राहिल्या होत्या. त्या दिवसांत प्रत्येकजण काही ना काही सोडतो. कुणी हिरव्या भाज्या, कुणी चप्पल. पुढचं मला पतासीबाईंनी स्वतः सांगितलं, एकदाच.

घरातल्या सगळ्या बायका स्थानकात बसल्या होत्या. सासूबाई सगळ्यांसमोर साध्वीजींना म्हणाल्या, "हिला गाणं सोडायला सांगा. माझा मुलगा अंथरुणावर आहे आणि ही ती टेपची पेटी वाजवत बसते."

सगळ्यांच्या माना पतासीबाईंकडे वळल्या. त्यांनी साध्वीजींपुढे हात जोडले. "महाराजसाहेब, मी गोड सोडते. चार महिने नाही, जन्मभर. तूप सोडते. गाणं नाही सोडणार."

"का?" साध्वीजींनी विचारलं.

"गोड सोडलं तर सुटेल. गाणं सोडलं असं तोंडाने म्हणेन, पण आत चालूच राहील. ते खोटं होईल. खोटं बोलून नवरा बरा करून घेऊ का?"

साध्वीजी सासूबाईंकडे वळल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्याने मागितलेला त्याग मी देत नसते," आणि गोड व तूप सोडायचा नियम दिला.

त्या हिवाळ्यात कुंदनमलशेठ गेले.

बाजारात लोक काय बोलले ते लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. सासूबाईंनी सुनेशी बोलणं टाकलं. जिना चढवेना म्हणून त्या आता दुकानामागच्या खोलीत, पडद्याआड झोपून असायच्या. पतासीबाई त्यांचं सगळं करायच्या. न्हाऊ घालणं, खाऊ घालणं, औषध. ते सगळं एका शब्दाविना चालायचं. आणि जिचं नाव पताशावरून, म्हणजे बत्ताशावरून, ठेवलं होतं ती बाई पुढे आयुष्यभर गोडाच्या कणाला शिवली नाही.

दुखवटा संपला. त्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी घाबरतच गेले. वाटलं, बंद असेल. शटर अर्धं उघडं होतं. आत त्या एकट्याच बसल्या होत्या. म्हणाल्या, "या बाई. ओढून घ्या शटर."

आम्ही तिघीच होतो, त्या, मी आणि पडद्याआड सासूबाई. त्यांनी तोडी लावली. मला वाटलं, आज तरी ही नको. पडद्याआड त्या म्हातारीचा मुलगा जाऊन दीड महिना झालेला. पण पतासीबाईंनी लावली, आणि पंपांची वाट न बघता लावली. आलाप झाला, ठेका आला, आणि त्या चिमणीच्या आवाजात टेप ओरडली, "बंद कर ओ रोवणो, बीनणी!"

मी पडद्याकडे बघितलं. पडदा हलला नाही. मग आतून, खऱ्या गळ्यातून, जाड, खरखरीत आवाज आला.

"म्हारी आवाज इसी कोनी."

कोनी म्हणजे नाही. माझा आवाज असा नाही. त्या दीड महिन्यात सासू सुनेशी बोलली ती हे चार शब्द.

पतासीबाईंनी टेप थांबवली. माझ्या माहितीत मधे थांबवायची ती पहिलीच वेळ. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "पंप सुरू होऊ द्या, सासूबाई. मग लावते." आम्ही तासभर बसून राहिलो. मागच्या खोलीतला बल्ब पिवळा पडला तशी त्यांनी टेप पहिल्यापासून लावली. तोडीवाली सावकाश आली, समेकडे निघाली, आणि सासूबाई जिन्यावरून पूर्ण दमाने, भरल्या गळ्याने ओरडल्या.

"हां," पडद्याआडून आवाज आला.

त्यानंतर ती म्हातारी आमच्यातली सगळ्यात कडक श्रोता झाली. स्वतःचा आवाज नीट आल्याशिवाय पुढे जाऊ द्यायची नाही. सावळेराम फिटर आमच्यात आला तो यामुळेच. तो अवसरीचा, पारगावच्या साखर कारखान्यात कामाला. मुलीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला आला होता. पंपांची भानगड ऐकून म्हणाला, "शेटानी, पंपाची वाट कशापायी बघता? मोटरीला मागं बारीक स्क्रू असतोय. त्यो पिळला की झालं."

"किती पिळायचा ते कसं कळणार?" पतासीबाईंनी विचारलं.

"त्ये मातर मला न्हाई म्हाईत. गाणारी बाई कंच्या पट्टीत व्हती, कुनाला ठावं?"

पतासीबाईंनी पडद्याकडे बोट केलं. "त्यांना ठाऊक आहे."

मग सावळेराम स्क्रू पिळायचा, टेप मागे घ्यायचा, सासूबाई टेपमध्ये ओरडायच्या आणि पडद्याआडून खऱ्या सासूबाई सांगायच्या, "और. थोड़ो और." चौथ्या-पाचव्या वेळी म्हणाल्या, "आ. आ म्हारी है." ही, ही माझी. सावळेरामने स्क्रूवर तांबड्या रंगाची खूण केली. तोडीची पट्टी अशी ठरली. पुढे सासूबाई वारल्या, पण खूण राहिली.

वर्षं गेली. पतासीबाईंचा मुलगा प्रकाश दुकान बघायला लागला. गुणी मुलगा. त्याने दुकानाचं शोरूम केलं. काचा, एसी, तयार कपडे. गादी गेली, तागे गेले. गज कुणालाच लागेना, पण पतासीबाईंनी तो कपाटामागे उभा करून ठेवला. गुरुवारची बैठक मागच्या खोलीत गेली. शटर नाही, म्हणून खिडकीला जाड चादर.

आईला पंच्याहत्तर पूर्ण झाली तेव्हा प्रकाशने तिच्यासाठी मोठ्या मायेने एक काम केलं. ती तोडी पुण्यात कुणाकडून तरी साफ करून आणली. सगळ्यांसमोर मोबाइलवर लावली. सुंदर होती. तोडीवाली समोर बसून गातेय असं वाटत होतं. पतासीबाई उभ्या राहूनच ऐकत होत्या. ठेका आला, सम आली, गेली.

"सासूबाई कुठेयत?" त्यांनी विचारलं.

"मम्मी, तो डिस्टर्बन्स होता ना. काढून टाकला."

"माझ्या सासूबाईंना घराबाहेर काढलंस?" पतासीबाई म्हणाल्या. "पंचवीस वर्षं मला जमलं नाही. तुला कोणी सांगितलं होतं?"

हसू इतकं फुटलं की प्रकाशही हसला. पण त्यांनी ते रेकॉर्डिंग ठेवून घेतलं नाही. "तुझ्या गाडीत लाव," म्हणाल्या. "गाडीत चालतं."

मग त्यांचे कान गेले. एकदम नाही. बरीच वर्षं जात होते आणि त्या बोलल्या नव्हत्या. डॉक्टरांनी सांगितलं, कानातली बारीक हाडं घट्ट झालीयत, या वयात ऑपरेशन नको, कानाचं मशीन लावा. मशीन आणलं. त्यातून तानपुरा ऐकला आणि म्हणाल्या, "कढईत मोहरी टाकलीये." मशीन बटणांच्या डब्यात गेलं.

मी जायची बंद झाले. हे सांगायला मला बरं वाटत नाही, पण सांगते. टेप चालू आहे, त्या समोर बसल्यायत आणि फिरती चाकं बघतायत, हे मला पाहवेना. दोन महिन्यांनी सावळेराम आमच्या दारात उभा. तोही रिटायर झालेला, गुडघे धरून चालायचा.

"बाई, तुमी का येत न्हाई?"

"येऊन काय करू, सावळेराम? त्यांना ऐकू येत नाही."

"मंग? आपल्याला येतं ना? आपन ऐकतोय का न्हाई ते बघत बसत्यात त्या. गेल्या गुरवारी माजा डोळा लागला, तर शेटानीनं घडी घातलेली चादर फेकून मारली राव! लई जोरात!"

मी गेले.

त्याच गुरुवारी प्रकाश दोन माणसं घेऊन खोलीत आला. कपाट हलवायचं होतं. तो वाईट नव्हता. शोरूमला जागा पुरत नव्हती आणि त्याला खरंच वाटत होतं की आता यात काही उरलेलं नाही. त्याने आईच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, "मम्मी, कॅसेट सगळ्या जपून वर ठेवतो. तुला आता ऐकू येत नाही ना. उगाच जागा अडते."

पतासीबाई कपाटाला पाठ लावून बसल्या. "ऐकू येत नाही हे कोणी ठरवलं?" त्यांचा आवाज बहिऱ्या माणसाचा, मोठा झाला होता.

"डॉक्टरांनी, मम्मी."

"डॉक्टर गुरुवारी आला होता का?"

माणसं कपाटाला हात घालायची की नाही, अशी उभी.   सावळेराम मात्र कपाटामागे गेला आणि तो गज घेऊन बाहेर आला.

"परकाशभाऊ, दोन मिंटं थांब," तो म्हणाला. "कारखान्यात मिल चालू आसली की कानाला घंटा ऐकू येत न्हाई. मंग बेअरिंग खराब झालंय का बरं हाय, ते कसं कळायचं? सळई लावायची बेअरिंगला, आन् दुसरं टोक हितं, कानामागच्या हाडाला. आख्खी मिल सळईतनं डोक्यात येती."

त्याने तोडी लावली. गजाचं एक टोक स्पीकरच्या लाकडी खोक्यावर दाबलं, दुसरं अलगद पतासीबाईंच्या कानामागे टेकवलं.

त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी हात वर केला, सावळेरामची बोटं गजावरून बाजूला सारली आणि गज स्वतः धरला. डोळे मिटले. आलाप चालला होता.  प्रकाशची माणसंसुद्धा भिंतीला टेकली. ठेका आला. तोडीवाली समेकडे निघाली. सासूबाई ओरडल्या.

पतासीबाईंनी खाडकन डोळे उघडले.

"सावळेराम! स्क्रूला हात कोणी लावला? सासूबाई पळतायत!"

आम्हाला कुणालाच ते कळलं नव्हतं. सावळेरामने टेपरेकॉर्डर उलटा केला, चष्मा कपाळावर घेऊन बघितलं. तांबडी खूण केसभर सरकली होती. प्रकाशने महिन्यापूर्वी आईसाठीच टेपरेकॉर्डर साफ करून आणला होता, तेव्हा सरकली असणार.

प्रकाशने वाकून ती खूण बघितली. मग माणसांना म्हणाला, "चला रे. कपाट इथंच राहू द्या." आणि जायच्या ऐवजी खाली बसला. संपल्यावर पतासीबाईंनी त्याला विचारलं, "कुठे निसटलास?" तो म्हणाला, "मम्मी, मी सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होतो."

"म्हणजे सगळाच निसटलास," त्या म्हणाल्या. "पुढच्या गुरुवारी ये."

अजून दीड वर्षं गुरुवार झाले. आता त्या नाहीत. सावळेराम आणि मी मात्र अजून जातो. प्रकाश चादर लावतो. गेल्या महिन्यात आम्ही सारंगीवरचा मारवा ऐकला, भर दोन वाजता, आणि माझं लक्ष एकदा निसटलं, अर्जुनच्या परीक्षेकडे.

तोडीची प्रत मी तुम्हाला पाठवते आहे. मशीनसमोर माझा फोन ठेवून घेतलीये, त्यामुळे त्यात आता सावळेरामचा खोकलाही आहे. साफ करायची नाही. ईरा, जिममध्ये ऐकायची नाही. खोलीत अंधार करायचा, तुमच्याकडे कितीही वाजले असोत, आणि पूर्ण ऐकायची. मग मला फोन करून सांगायचं, कुठे निसटलात.

पतासीबाईंना शेवटचं पाहिलं तो एक गुरुवारच होता. मला उशीर झाला होता. खिडकीची चादर एका बाजूने सुटलेली आणि तेवढ्या उजेडात त्या मशीनशेजारी बसलेल्या. गज खोक्यापासून कानामागपर्यंत तिरका, एक हात त्यावर, दुसऱ्या हाताचं बोट मांडीवर ठेका धरून. मी दारातच थांबले. आत पाऊल टाकणार, तेवढ्यात त्यांनी डोळे न उघडता ते बोट वर केलं. थांबा, सम यायचीये.

तोडीवाली निघाली. जिन्यावरून सासूबाई पूर्ण दमाने ओरडल्या, बंद कर ओ रोवणो, बीनणी.

पतासीबाईंनी गज आणखी घट्ट दाबून धरला आणि सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने उत्तर दिलं,

"कोनी करूं!"